दुसऱ्या नळीचे पाणी

गेल्या चैत्रात माझ्या पुतण्याच्या गाडीघरातून धाराशिव जिल्ह्यात चार दिवस हिंडण्याचा योग आला. बसण्यानिजण्याची, स्वयंपाकाची आणि स्नानाची तरतूद असलेल्या अशा वाहनांना आता सरकारदरबारीही स्थान मिळाले असून, महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण आखले आहे. गाडीच्या पोटात दीडशे लिटरांची टाकी होती, आणि मुक्कामी जे पाणी मिळेल ते पिण्याजोगे व्हावे म्हणून ओट्याखाली आरओचे यंत्र बसविलेले होते. नळदुर्गचा पाणीमहाल पाहून आणि तुळजापुरास आईचे दर्शन घेऊन आम्ही तेरच्या वाटेला लागलो, तेव्हा टाकीत तळाशी जेमतेम पाणी उरले होते. म्हणून रस्त्यालगतच्या एका वस्तीवर गाडी थांबविली आणि तेथील गृहस्थांनी आपल्या बोअरची नळी आपण होऊन आमच्या टाकीला लावून दिली. "पाणी जड हाय पावणं," ते म्हणाले, "तुरीची डाळ शिजत नाही ह्यात."

यंत्र सुरू झाले. त्यातून दोन नळ्या निघतात. एक आत, पिण्याच्या पाण्याच्या भांड्याकडे जाते. दुसरी गाडीच्या बुडातून बाहेर आलेली असते आणि तिचे पाणी जमिनीवर पडत राहते. त्या घरच्या वृद्ध आजीबाई पडवीत बसल्या होत्या. बराच वेळ त्या धारेकडे पाहून त्यांनी विचारले, "ह्ये पाणी का सांडायलंय?" त्या नळीतून वाईट पाणी जाते, असे पुतण्याने आदराने सांगितले. "आमचंच हाय की ते," असे म्हणून त्यांनी नातीला हाक मारली आणि त्या नळीखाली घागर ठेवविली.

त्या एका वाक्याने मी जो अस्वस्थ झालो तो आजतागायत आहे. दोन नळ्यांतून येणारे पाणी एकाच बोअरचे, एकाच खडकातून झिरपलेले. त्यातले एक शुद्ध ठरले व दुसरे वाईट ठरले, आणि ते वाईट आम्ही ज्यांनी दिले त्यांच्याच अंगणात ओतीत होतो.

या यंत्राची क्रिया समजून घेतल्यावाचून हा प्रश्न नीट मांडता येणार नाही. निसर्गात पातळ द्रावणातील पाणी सूक्ष्म पडद्यातून दाट द्रावणाकडे आपोआप ओढले जाते; त्या ओढीहून अधिक दाब देऊन पाण्याला उलट वाटेने लोटले की पाणी पडद्यापार जाते आणि क्षार मागे राहतात. १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतीय वंशाचे श्रीनिवास सौरिराजन यांनी असा व्यवहार्य पडदा प्रथम सिद्ध केला. पण मागे राहिलेले क्षार पडद्यावर साचू लागले तर तो लवकरच निकामी होईल. म्हणून त्यांना वाहून नेण्यासाठी पाण्याचाच एक प्रवाह सतत खर्ची घालावा लागतो. घरगुती यंत्रात चार लिटर पाणी घातले तर साधारणतः एक लिटर हाती लागते आणि तीन लिटर दुसऱ्या नळीने जातात. लिटरमागे हजार मिलिग्रॅम क्षार असलेले चार लिटर पाणी घेतले, तर त्या चार हजार मिलिग्रॅमांपैकी बहुतेक सारे त्या तीन लिटरांत जाऊन बसतात आणि ते पाणी लिटरमागे सुमारे तेराशे मिलिग्रॅमांवर पोहोचते. जमाखर्च पुरता जुळतो. यंत्र काहीच नष्ट करीत नाही. ते केवळ वाटणी करते, आणि निर्मळ वाटा मला व उरलेला सारा भार दुसऱ्या कोणाला देते.

घरात हे कळत नाही, कारण दुसरी नळी मोरीत सोडलेली असते आणि मोरीपलीकडे काय होते याची चौकशी करण्याची आपल्याला सवय नाही. गाडीघरात मात्र सारा संसार दीडशे लिटरांत मावलेला असतो, टाकीचा काटा डोळ्यांसमोर असतो, आणि पिण्याचा एक तांब्या भरला की तो काटा चार तांब्यांइतका खाली उतरलेला दिसतो. पुतण्याने त्यावर एक तोड काढून पाहिली होती: दुसरी नळी परत टाकीतच सोडावी, म्हणजे थेंबही वाया जाणार नाही. पहिल्या दिवशी ती युक्ती साधली. पण प्रत्येक फेऱ्याबरोबर टाकीतील पाणी अधिकाधिक मचूळ होत गेले आणि तिसऱ्या दिवशी यंत्राची धार करंगळीएवढी झाली. विहिरीत जे सहज जिरून गेले असते ते टाकीत जिरेना. 'बाहेर' या शब्दाने आपण ज्या जागेचा निर्देश करतो, ती जागा वस्तुतः कोणाच्या तरी घरात असते, हे मला त्या टाकीने शिकविले.

चौथ्या दिवशी आम्ही भूम तालुक्यातील कुंथलगिरीस पोहोचलो. कुलभूषण आणि देशभूषण या मुनींच्या निर्वाणाचे हे दिगंबर जैनांचे सिद्धक्षेत्र. आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना स्वीकारून, आधी अन्नाचा आणि अखेरीस पाण्याचाही त्याग करून, १८ सप्टेंबर १९५५ रोजी येथेच देह ठेवला. त्या टेकडीच्या पायऱ्या चढताना मला जैन आचारातील पाणी गाळण्याचा विधी आठवला. तो आपणांपैकी पुष्कळांना अर्धाच ठाऊक असतो. जाड, दुपदरी वस्त्रातून पाणी गाळून घ्यावे, आणि असे गाळलेले पाणीदेखील दोन घटकांपुरतेच, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटेच, गाळलेले मानावे, हा त्याचा पूर्वार्ध. उत्तरार्ध असा की गाळून झाल्यावर ते वस्त्र उलटे करून गाळलेल्याच पाण्याने हळुवार धुवावे, आणि त्या धुवणातील सूक्ष्म जीव, ज्यांना जीवाणी असे नाव आहे, ज्या विहिरीतून पाणी काढले त्याच विहिरीत परत पोहोचवावेत. वरून ओतू नयेत. तळाला कडी असलेल्या भांड्यातून थेट पाण्यापर्यंत उतरवावेत, जेणेकरून पडण्याच्या आघाताने ते मरू नयेत. दुसऱ्या विहिरीतही टाकू नयेत, कारण एका पाण्याचे जीव दुसऱ्या पाण्यात जगतीलच असे नाही.

या विधीची थोरवी, माझ्या मते, त्याच्या उत्तरार्धात आहे. वस्त्रगाळ पाणी पिण्यास स्मृतिकारांनीही सांगितले. वारकऱ्याच्या आणि शेतकऱ्याच्या घरीही घागरीच्या तोंडाला फडके बांधलेले असे. परंतु जे आपण गाळून बाजूस सारले त्याचे पुढे काय झाले, ते सुखरूप आपल्या ठिकाणी गेले की नाही, याचे उत्तरदायित्व गाळणाऱ्यावर ठेवणारा, आणि ते पार पडल्यावाचून गाळण्याची क्रियाच अपुरी मानणारा धर्मविचार मला अन्यत्र इतक्या स्पष्टपणे आढळलेला नाही. क्षार हे जीव नव्हेत, आणि त्यांच्या ठायी वेदना नाही, हे खरे. पण ते खारे पाणी ज्या जमिनीत मुरते, ज्या गुराच्या तोंडी लागते, ज्या शेजाऱ्याच्या विहिरीला जाऊन मिळते, त्यांच्या ठायी जीव आहे. म्हणून वस्तू पालटली तरी कर्तव्य तेच उरते.

शुद्धीचा हा उत्तरार्ध विसरल्याने केवढा अनर्थ होतो, याचा दाखला आपल्या समाजाच्या इतिहासात आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी आणि त्यांच्या अनुयायांनी पाणी घेतले, त्यानंतर गावातील सवर्णांनी पंचगव्याच्या घागरी ओतून ते तळे 'शुद्ध' करून घेतले. पाण्यातून गाळ काढण्याऐवजी पाण्यावरून माणसे गाळली गेली, आणि गाळलेल्या माणसांनी कोठे जावे, तहान कशाने भागवावी, हा प्रश्न त्या शुद्धिकर्त्यांच्या मनाला शिवलाही नाही. जी शुद्धता आपल्या वाट्याचा भार दुसऱ्याच्या अंगणात टाकूनच टिकते, ती मी अधर्म समजतो, मग ती सोवळ्याची असो वा यंत्राची.

याचा अर्थ यंत्र टाकून द्यावे असा कोणी करू नये. नारूच्या रोगाने पायऱ्यांच्या विहिरींवरची रयत पिढ्यान्‌पिढ्या जर्जर झाली होती. फडक्याने गाळलेल्या पाण्याने आणि विहिरींच्या सुधारणेने तो रोग हटला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. परंतु पाण्यात विरघळलेले फ्लोराइड किंवा नायट्रेट कोणत्याही फडक्याला अडत नाही, आणि ज्या गावी ते प्रमाणाबाहेर आहे तेथे आरओचा पडदा हे आईबापांना मिळालेले वरदानच आहे. प्रश्न गरजेचा आणि हिशेबाचा आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे पाचशे मिलिग्रॅमांपर्यंत विद्राव्य क्षार इष्ट, आणि दुसरा स्रोत नसेल तर दोन हजारांपर्यंत चालण्याजोगे मानले आहेत. क्षार पाचशेंहून कमी असतील तेथे आरओ यंत्रांना मनाई करावी आणि अन्यत्र निदान साठ टक्के पाणी हाती आलेच पाहिजे असा दंडक घालावा, असे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली केंद्र सरकारला दिले. ज्या मुलखाच्या शेजारी, १९८२ पर्यंत याच जिल्ह्याचा भाग असलेल्या लातुरास, २०१६ साली मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या मुलखात तरी हा दंडक कोणाला शिकवावा लागू नये.

परतताना आम्ही परांडा तालुक्यात सीनाकाठी डोमगावास उतरलो. तेथे कल्याणस्वामींचा मठ आहे. समर्थ रामदासांच्या सेवेत असताना सज्जनगडाखालच्या उरमोडी नदीचे पाणी ते मोठाल्या हंड्यांतून खांद्यावर गडावर नेत, अशी परंपरा आहे, आणि ते हंडे गडावर आजही दाखवितात. ज्याच्या खांद्याने पाण्याचे वजन जाणले आहे, त्याला चारांतले तीन हंडे उताराला ओतून द्या असे सांगितले असते तर त्याने काय उत्तर दिले असते, याची कल्पना करण्यास फार विद्वत्ता लागत नाही. पखालवाले गेले, कावडी गेल्या, पाणी नळाने येऊ लागले. त्याबरोबर वजनही आपल्या ध्यानातून गेले.

आता गाडीघरात दुसऱ्या नळीला एक निराळी टाकी जोडली आहे. त्या पाण्याने भांडी घासली जातात, फरशी पुसली जाते, आणि अखेरीस गाडी धुतली जाते. कोवळ्या रोपांना मात्र ते घालीत नाही, कारण त्यातला क्षार त्यांना सोसत नाही. वाचकांना माझी एकच विनंती आहे. आपल्या घरी हे यंत्र असेल तर त्याची मोरीत सोडलेली नळी एक दिवसापुरती बाहेर काढावी, तिच्याखाली घागर ठेवावी, आणि दिवसभरात ती किती वेळा भरली हे घरातल्या मुलांना मोजावयास सांगावे.