पुरावा आणि साक्षीदार

महाविद्यालयात शिकवायचे म्हणून दूरस्थ पद्धतीने एम.ए. करावे का, हा प्रश्न निघाला की चर्चा एकाच शंकेशी अडते: ही पदवी चालते का? उत्तर सोपे आहे, चालते. सहायक प्राध्यापकपदासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८चे नियम पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना सवलत) आणि नेट किंवा सेट, अथवा नियमांत बसणारी पीएच.डी. मागतात. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची असल्याचे आयोगाने सप्टेंबर २०२२मध्ये पुन्हा जाहीरही केले. मात्र ती मान्यता त्या अभ्यासक्रमाला आणि त्या वर्षाला आहे का, हे तपासावे लागते. काही अभिमत विद्यापीठांनी रीतसर परवानगीवाचून दिलेल्या दूरस्थ अभियांत्रिकी पदव्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दणका दिला, तेव्हा नोकरीत स्थिरावलेली माणसेही अडचणीत आली.

पण चालणे हा नाण्याचा गुण आहे. शिक्षकाच्या घडणीबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

लंडन विद्यापीठाच्या १८५८च्या बहिस्थ परीक्षांपासून १९६२च्या दिल्लीतल्या पत्रद्वारा अभ्यासक्रमापर्यंत आणि १९८९ साली नाशिकला आलेल्या मुक्त विद्यापीठापर्यंतचा प्रवास परिचित आहे. ज्यांच्या दारात महाविद्यालय नव्हते, त्यांच्यापर्यंत पदवी पोचली, हे मोठेच काम झाले. दूरस्थ म्हणजे दुय्यम असे म्हणणाऱ्यांनी एखाद्या तालुक्याच्या गावी नियमित एम.ए.च्या वर्गात प्रत्यक्ष किती डोकी बसतात ते मोजावे. पुढे सगळेच ऑनलाइन होणार, मग वर्ग कशाला, या मताचा निकाल टाळेबंदीच्या काळातच लागला.

दखल घ्यावी असे मत एकच आहे, आणि ते इच्छुकांच्याच तोंडी असते: एकदा सेट-नेट निघाली की एम.ए. कुठून केले हे कोण विचारतो? कागदावर हे खरे आहे. पण नेट म्हणजे काय? दोन पेपर, तीन तास, दीडशे प्रश्न, तीनशे गुण, आणि प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. वर्णनात्मक उत्तरांचा तिसरा पेपर होता, तोही २०१२मध्ये बहुपर्यायी झाला. म्हणजे नेट काढलेल्या उमेदवाराचे सलग चार पानी लिखाण त्या परीक्षेत कोणीही वाचलेले नसते. ते कोणी वाचायचे असेल तर एम.ए.च्या दोन वर्षांतच. दूरस्थ अभ्यासक्रमात त्यासाठी स्वाध्याय असतात. पण अनेकदा स्वाध्यायाची वही परत येते ती शेवटच्या पानावर लाल शाईत गुण आणि सही घेऊन. समास कोरेच असतात. संपर्कसत्रे रविवारी, दुसऱ्याच्या वर्गात, फळ्यावर शनिवारचे काहीतरी अर्धवट पुसलेले. पुढे पीएच.डी. करायची तर २०२२च्या नियमांनुसार ती दूरस्थ पद्धतीने करता येत नाही. मार्गदर्शकाकडच्या जागाही मोजक्या: प्राध्यापकाकडे आठ, सहयोगीकडे सहा, सहायकाकडे चार. मार्गदर्शक त्या कोणाला देईल? गुणपत्रिका सगळ्यांच्याच हातात असते. तासिका तत्त्वावर माणूस हवा असतो तेव्हाही विभागप्रमुखाला आधी आठवतात ते ज्यांचे लिखाण त्याने कधी तपासलेले असते. ‘कोण विचारतो’ हे म्हणूनच फसवे आहे. कोणी विचारत नाही, कारण सांगू शकणारा कोणी नसतो.

पदवी हा पुरावा असतो. शिक्षकाच्या वाटचालीत त्याखेरीज साक्षीदारही लागतो: उमेदवाराचा युक्तिवाद चुकताना आणि सुधारताना ज्याने पाहिला आहे असा कोणी. याला वशिला समजू नये. वशिलेवाल्याला माणूस ठाऊक असतो, त्याचे काम नव्हे. (संस्थाचालकांच्या दारात होणारे व्यवहार हा आणखी वेगळा विषय आहे.) दूरस्थ पद्धत पुरावा चोख देते; साक्षीदार तिच्यात आपोआप मिळत नाही. नियमित वर्गातही तो मिळेलच असे नाही, पण तिथे निदान गाठ पडण्याची शक्यता रोजची असते.

त्यामुळे मराठी, इतिहास, राज्यशास्त्र अशा ग्रंथालयावर चालणाऱ्या विषयांत, बी.ए. नियमित केलेल्या आणि कनिष्ठ महाविद्यालयात आधीच शिकवत असलेल्या माणसाला दूरस्थ एम.ए. परवडते. शेजारच्या खोलीत त्याचे लिखाण वाचणारा सहकारी बहुधा असतो. प्रयोगशाळेच्या विषयांत मात्र या वाटेला जाऊ नये. ज्याची बी.ए.ही बाहेरून झाली आहे त्याने तालुक्याला जाऊन-येऊन का होईना, नियमित प्रवेश मिळतो का ते आधी पाहावे. तो मिळत नसेल तर अर्ज भरण्यापूर्वी अभ्यासकेंद्रावर एक रविवार काढावा. त्या विषयाचा शिक्षक खरोखर येतो का आणि स्वाध्याय तोच तपासतो का, हे तिथे जुन्या विद्यार्थ्यांना विचारले की कळते. दोन्हीला उत्तर ‘नाही’ आले, तर दुसरे केंद्र शोधावे, मग ते तीस किलोमीटर लांब असले तरी.