शेवटी येणाऱ्याचं पाणी

लग्नात कुणी हात सैल सोडला की आपण म्हणतो, 'पैसा पाण्यासारखा घातला.' ही म्हणायची रीत नदीकाठच्या मुलखात जन्मली असावी. आमच्या लातूरकडच्या माणसाच्या तोंडी ती शोभत नाही, तरी आम्हीही बिनदिक्कत म्हणतो. खरं तर आमच्याकडं पाणीच पैशासारखं मोजून वापरायची चाल होती, आणि ती कुणी भिंतीवर रंगवून शिकवली नव्हती.

माझ्या लहानपणी घरात पाणी येत नव्हतं, ते आणावं लागायचं. आणायच्या आई आणि थोरली बहीण. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घागर, घागरीवर कळशी. घर नऊ माणसांचं, शिवाय दावणीला जनावरं. भांडी राखेनं घासून एकाच घंगाळात विसळायची. तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीच्या आंबोणात जायचं. न्हाणीचं पाणी कढीपत्त्याला आणि शेवग्याला. पाहुण्यापुढं तांब्या आणि फुलपात्र ठेवायचे, म्हणजे ज्याला जेवढं लागेल तेवढंच तो ओतून घेणार. आता भरलेला पेला पुढं येतो, पाहुणा दोन घोट घेतो आणि उरलेलं मोरीत जातं. ज्याच्या मानेला घागरीचा भार ठाऊक आहे त्याला पाणी वाचव म्हणून सांगावं लागत नाही.

पण या सगळ्याला आमच्या घरात कुणी 'बचत' म्हणत नव्हतं. घरात एकच नियम होता. रांजणात तांब्या बुडवताना तळ खरवडला गेला की आई विचारायची, "अजून कोण यायचं राहिलंय?" वडील रानातून दिवस मावळल्यावर यायचे, थोरला भाऊ गुरं घेऊन त्याच्याही मागून. कधी एखादा वाटसरू ओसरीवर टेकायचा. त्यांचं पाणी रांजणाच्या तळाशी असायचं. तहान लागली तरी त्याला हात लावायचा नाही. बहात्तरच्या दुष्काळात मी अकरा वर्षांचा होतो. घरची मोठी माणसं खडी फोडायला जायची. त्या वर्षीही रात्री शेवटच्या माणसाला पाणी मिळालं नाही असं झालेलं मला आठवत नाही.

पुढं गावात नळ आले. बायकांच्या मानेवरची घागर उतरली, हे फार चांगलं झालं. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यानं आठ दिवस दोन घागरी डोक्यावर वाहून बघाव्यात आणि मग बोलावं. पण नळाबरोबर भिंतीवर 'पाणी वाचवा' हेही आलं. शाळेतून पोरं घोषणा देत फिरली. दात घासताना नळ बंद ठेवा, भांडी वाहत्या पाण्याखाली धुऊ नका. सगळं खरं आहे. मात्र हा उपदेश बहुतेक घरातल्या बाईला उद्देशून असतो.

आमची सून बारावी शिकलेली आहे. एका उन्हाळ्यात तिनं मला विचारलं, "मामा, मी रोज वीस लिटर वाचवलं तर वर्षभरात रानात किती भिजंल?" मी नातवाची वही घेऊन बसलो. दहावीपर्यंतचं गणित अजून चालतं.

एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. त्यावर एक इंच पाणी उभं करायचं म्हटलं तर एक लाख तीन हजार लिटर लागतं. नळयोजनेत खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर धरतात. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर, वर्षाला एक लाख ३७५ लिटर. म्हणजे एका घराचं वर्षाचं पिणं, रांधणं, धुणं, आंघोळ हे सगळं मिळून एका एकरावरचं एक इंच पाणी! उसाच्या सरीत मोकाट सोडलेलं पाणी एका पाळीला तीन इंचांपेक्षा कमी क्वचितच बसतं. सुनेचे रोजचे वीस लिटर वर्षाला ७,३०० होतात. एक इंच वाचवायला तिला चौदा वर्षं लागतील. आणि रात्रीची लाईट आली की ऑटो स्विच लावून झोपलेल्या माणसाच्या रानातून तेवढं पाणी बांध फोडून रस्त्यावर जातं.

एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाणी सुमारे पाच लाख लिटर. सगळ्या देशानं ते चित्र बघितलं. आमच्या हिशेबात ते एका एकराला पाच इंच, म्हणजे उसाच्या दोन पाळ्याही नाहीत.

सून वहीकडं बघून म्हणाली, "मग मी कशाला जीव काढू?"

हा प्रश्न मला बरेच दिवस पुरला. नुसता आकडा बघितला तर तिचं बरोबर आहे. मोरीतल्या तांब्यावर डोळा ठेवायचा आणि रानातल्या पाटाकडं बघायचं नाही, हा ढोंगीपणाच. पण घरातलं पाणी आकड्यानं लहान असलं तरी ते कुणाचं तरी असतं. आमच्याकडं नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं. वरच्या आळीतल्या काही घरांनी नळाला थेट मोटर बसवली आहे. त्यांचा हौद भरतो, पिंप भरतं, मग गाडी धुतली जाते, मग गटारीला पाणी लागतं. त्याच वेळी गावाच्या टोकाला नळातून फुस्स करून हवा येते. तो टोकाचा नळ बहुतेक गावांत कुठल्या वस्तीत असतो हे वाचकाला सांगायला नको. जोतिबा फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी हजारो माणसांसह घेतलं. आता पाणवठ्यावर कुणाला अडवत नाही असं आपण म्हणतो. अर्ध्या अश्वशक्तीची मोटर ते काम न बोलता करते. म्हणून आपला हौद भरला की नळ बंद करणं हे काम मी वीस लिटरांत मोजत नाही. बंद केलेल्या नळाचं पाणी त्याच घटकेला पुढच्या घरी जातं.

हाच नियम रानाला लावला की खरी अडचण सुरू होते. पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येत नाही, असा कायदा १९९३ पासून आहे. पण जुन्या विहिरी आणि बोअर आहेतच. आमच्या गावच्या विहिरीच्या आसपासच्या मोटरी शिमग्यापासून मिरगापर्यंत बंद ठेवाव्यात, असं मी ग्रामसभेत मांडायचं ठरवलं आहे. माझी मोटर त्यातच येते.

मुलाला हे पटलेलं नाही. तो म्हणतो, "आप्पा, आपण बंद ठेवली तर वरच्या अंगाचे काय हातावर हात ठेवून बसणार हायत का? जमिनीखाली काय बांध घातलेत?"

त्याचं म्हणणं खोटं नाही. मी ठेवलेलं पाणी दुसरा उपसू शकतो. पण खाली बांध नाहीत, म्हणजे सगळ्या शिवाराखाली एकच रांजण आहे. आणि रांजणाचा नियम 'दुसरा पितोय म्हणून मीही पितो' असा कधीच नव्हता. नऊ माणसांत एखाद्यानं जास्त प्यालं म्हणून आईनं तळ उपसला नाही. तिनं तसं केलं असतं तर उपाशी-तहानलेला राहिला असता तो उशिरा येणारा, ज्याचा त्या भांडणाशी काही संबंध नव्हता.

एकट्यानं हे पेलत नाही हेही खरं. बहात्तरच्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली, तेव्हा पाणी जमिनीवर न मोजता माणसांवर मोजलं. माणशी अर्ध्या एकराचं पाणी. भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला बंदी. घरात जसं पाणी माणसं बघून वाटतात, तसं त्यांनी शिवारात वाटून दाखवलं. हे करता येतं, एवढं त्यावरून कळतं. प्रत्येक गावाला जमेल असं मी म्हणणार नाही.

ठराव होईल का, माहीत नाही. न झाला तरी या शिमग्याला आमच्या मोटरीचा स्टार्टर काढून मी घरात आणून ठेवणार आहे. गवत वाळेल, दूध कमी होईल, त्याची बोलणी घरात झाली आहेत. मुलगा अजून गप्प आहे. सुनेनं एवढंच विचारलं, की शेवटच्या नळाला पाणी आलं का हे बघायला कोण जाणार? मी म्हणालो, पाण्याच्या दिवशी सकाळी मी त्याच बाजूनं फिरायला जात जाईन.