व्यसन सुटले, ओढ उरली

एखाद्याने सिगारेट सोडली म्हणजे घरची माणसे आनंदतात, मित्र पाठ थोपटतात आणि विषय संपला असे सर्वजण समजतात. ज्याने ती सोडली त्याचा विषय मात्र त्या दिवसापासून सुरू होतो. सोडणे ही एका दिवसाची गोष्ट आहे. सोडलेले पुन्हा न धरणे ही रोजची. या दुसऱ्या गोष्टीविषयी आपल्या घरांतून फारसे बोलले जात नाही. म्हणून वयाचा अधिकार नसतानाही या विषयावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे. वडील मंडळींनी गोड मानून घ्यावे.

मी पुजाऱ्याचा मुलगा. शाळेच्या शेवटच्या वर्षी सोबत्यांच्या संगतीने सिगारेट ओढू लागलो व पुढे पाच वर्षे ओढीत राहिलो. दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या दिवशी देवापुढे नारळ ठेवून ती सोडली. तेव्हापासून ज्या शंकांनी मला छळले, त्या इतरांनाही छळीत असतील असे वाटते.

पहिली शंका अशी. सकाळच्या पूजेची पाळी कित्येकदा माझ्याकडे असे. सोवळे नेसून गाभाऱ्यात बसावे, हात गंध उगाळीत असावेत, आणि मनात मात्र टपरीवरचा चहा व त्यासोबतची सिगारेट उभी राहावी! गीतेच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे की, जो कर्मेंद्रिये आवरून धरतो पण मनाने विषयांचे स्मरण करीत बसतो, तो मिथ्याचारी होय. हे वचन मला बोचू लागले. हाताने सोडले, मनाने धरले. मग मी ढोंगीच नव्हे काय? आणि ढोंगच करावयाचे, तर उघडपणे ओढणारा माझ्याहून प्रामाणिक नव्हे काय?

बरेच दिवस हा तर्क मला बिनतोड वाटत होता. पुढे लक्षात आले की, त्यात दोन निराळ्या गोष्टी एक केल्या आहेत. मनात आठवण येणे निराळे आणि आठवण काढीत बसणे निराळे. दारात कोण येऊन उभा राहील हे घरधन्याच्या हाती नसते; त्याला पाट मांडून बसवावयाचे की नाही, हे त्याच्या हाती असते. गीतेने दोष दिला आहे तो पाट मांडणाऱ्याला. त्याच गीतेच्या दुसऱ्या अध्यायात हेही मान्य केले आहे की, विषय सोडणाऱ्यापासून विषय दूर होतात, परंतु त्यांची गोडी मागे राहते. शास्त्रानेच जी गोडी गृहीत धरली, ती उरल्याबद्दल कोणी स्वतःस ढोंगी म्हणू नये. काही दिवस मी त्या पाहुण्याला पाट मांडलाही, हे कबूल केले पाहिजे. तो दोष माझा. तो आला, हा मात्र माझा दोष नव्हे.

वैद्यकाचे म्हणणेही याला पुष्टी देते. धूर आत घेतला की तंबाखूतील निकोटिन काही सेकंदांतच मेंदूत पोहोचते व मेंदूला त्याची सवय जडते. सोडल्यावर चिडचिड, झोप न लागणे, कामात लक्ष न राहणे हा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वांत अधिक असतो आणि साधारणतः दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. निकोटिन तर त्याआधीच, काही दिवसांत, शरीरातून निघून जाते. तथापि चहाचा कप, जेवणानंतरची वेळ, विशिष्ट मित्र, विशिष्ट कोपरा यांच्याशी पडलेली गाठ महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे, सैल होत नाही. समाधानाची गोष्ट एवढीच की, ओढीची एकेक लाट बहुधा काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ पाणी प्यावे, जागा बदलावी, हातांना काम द्यावे; लाट आली तशी जाते.

दुसरी शंका याहून कठीण. सोडून चार महिने झाले होते. एका आप्ताच्या लग्नात रात्री मांडवामागे कोणी प्रेमानेच सिगारेट पुढे केली व म्हणाला, ‘एकाने काय होते?’ मी घेतली. ती संपताच मनाने निराळाच सूर धरला : नारळ ठेवून केलेला नेम मोडला, तो मोडलाच, आता उरलेल्या का सोडाव्यात? सकाळपर्यंत आणखी तीन झाल्या. पहिली मोहाने ओढली, पुढच्या तीन निराशेने. आज मागे वळून पाहता असे वाटते की, मोहापेक्षा त्या निराशेनेच माझे अधिक नुकसान केले.

घरी परतल्यावर लहानपणचा एक प्रसंग आठवला. एके पहाटे वडिलांबरोबर देवळाचे दार उघडले तो गाभाऱ्यातील नंदादीप विझलेला. मी घाबरलो. वडिलांनी कोणाला बोल लावला नाही. हातपाय धुऊन, आचमन करून, त्यांनी प्रथम दिवा लावला. त्यानंतर समईत तेल किती आहे, वात कशी आहे, वारा कोठून येतो, हे पाहिले. वाऱ्याची जागा सापडली, तेथे त्यांनी फळी ठोकली. दिवा एकदा विझलाच आहे, तेव्हा आता पुढच्या दसऱ्यापर्यंत अंधारच राहू द्यावा, असे कोणताही पुजारी म्हणणार नाही.

नेमाचेही तसेच आहे. याज्ञवल्क्यस्मृतीचे तीन अध्याय आहेत : आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त. पडल्यानंतर काय करावे यासाठी स्मृतिकारांनी एक संपूर्ण अध्याय राखून ठेवला, याचा अर्थ मनुष्य पडणार हे ते जाणून होते. प्रायश्चित्ताने घडलेले न घडलेले होत नाही. पुढचा मार्ग मोकळा होतो. येथे कोणी म्हणेल, मग पडण्यास मोकळीकच झाली! तसे नाही. उद्या प्रायश्चित्त घेऊ म्हणून जो आज ओढतो, तो दिवा स्वतः फुंकर घालून विझवीत असतो. विझलेला दिवा पाहून जो तत्काळ काडी पेटवतो, त्याची गोष्ट वेगळी. मीही फळी ठोकली. अशा रात्री मांडवामागे जाणे बंद केले व सोबत्यांना स्पष्ट सांगून टाकले.

तिसरा धोका शंकेचा नसून खात्रीचा आहे. वर्ष-दीड वर्ष निभावले म्हणजे मन हळूच सुचवते की, आता आपण जिंकलो. एखादी ओढून पाहण्यास हरकत नाही. जिंकल्याचा पुरावा म्हणून हरलेली गोष्टच करावयाची, असा हा विचित्र न्याय आहे! मन वाऱ्यासारखे आवरण्यास कठीण आहे, अशी तक्रार अर्जुनाने केली तेव्हा भगवंतांनी ती खोडून काढली नाही. कठीण आहे हे मान्य करूनच त्यांनी अभ्यास व वैराग्य हे उपाय सांगितले. अभ्यासाला सुट्टी नसते.

आपल्या सीमाभागाला तंबाखू परकी नाही. निपाणीची पेठ तिच्यावर वाढली. १९८१ साली तेथील शेतकरी तंबाखूच्या भावासाठी रस्त्यावर उतरले. विड्या वळून मुलांना शिकविणाऱ्या बायाही आपल्यातीलच. त्यांना दोष देऊन कोणाचीही ओढ सुटणार नाही. परंतु एक गोष्ट आपण सर्वजण करू शकतो. ज्याने सोडली आहे त्याच्यापुढे ‘एकाने काय होते’ हे वाक्य उच्चारू नये. उपवासाच्या दिवशी आपण कोणाला ताटावर बसण्याचा आग्रह करीत नाही. तोच विवेक येथे असावा. आणि तो घसरला, तर त्याला हसू नये. दिवा पुन्हा लावण्यास हात द्यावा. ज्यांना घरी बोलता येत नाही, त्यांच्यासाठी सरकारची १८००-११-२३५६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे. तिचा उपयोग करण्यात कमीपणा नाही. वर्षभर दूर राहिल्यास हृदयविकाराचा वाढलेला धोका सुमारे निम्म्यावर येतो, असे डॉक्टर सांगतात. एवढे फळ पदरात पडत असता लाज कसली?

नंदादीपात एकदाच पुष्कळ तेल ओतून वर्षाचे काम भागत नाही. ते रोज घालावे लागते. आमच्या वडिलांना मी ते रोज घालताना पाहत आलो आहे. माझ्या नेमालाही तसेच रोजचे तेल मिळत राहो, आणि ज्या घरी अशी झुंज चालू असेल त्या घरालाही मिळो, हीच श्रीचरणी प्रार्थना.