प्रेक्षकांचे ऋण

मराठी संगीत रंगभूमीच्या इतिहासातील एक प्रसंग असा आहे की, तो सांगताना आजही सांगणाऱ्याचा कंठ दाटून येतो. दिनांक १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर मंडळीने खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग मुंबईत केला. त्याच दिवशी भामिनीची भूमिका करणाऱ्या नारायणराव राजहंसांची, म्हणजे बालगंधर्वांची, तान्ही मुलगी वारली. बावीस वर्षांच्या त्या पित्याने प्रयोग थांबू दिला नाही. शोक आत कोंडून तो त्या रात्री श्रीमंताची मानी कन्या होऊन प्रेक्षकांपुढे उभा राहिला, आणि नाटक गाजले.

कर्तव्यनिष्ठेचा आदर्श म्हणून हा प्रसंग आपण मुलांना सांगतो. त्यात गैर काही नाही. परंतु कर्तव्य हे क्वचितच एकाच बाजूचे असते. नटाने प्रेक्षकांसाठी काय करावे, हे आपण मुखोद्गत करून ठेवले आहे. प्रेक्षकांनी नटासाठी काय करावे, हा प्रश्न मात्र आपल्याला सहसा सुचत नाही.

पुढे १९१३ साली नारायणरावांनी गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह निराळी संस्था काढली. तिचे नाव गंधर्व नाटक मंडळी. नावातच तिचे सामर्थ्य होते आणि नावातच तिचे दौर्बल्य होते. टेंबे लवकरच बाहेर पडले. बोडसांनीही पुढे मंडळी सोडली. वैभव वाढत होते, पडदे आणि पोशाख उंची होत होते, आणि त्याबरोबर कर्जही वाढत होते. १९२१ च्या सुमारास ते असह्य झाले. नारायणरावांनी सारा भार स्वतःच्या शिरावर घेतला आणि पुढील काही वर्षे गाऊन गाऊन तो फेडला.

या हलाखीचे खापर नारायणरावांच्या उधळेपणावर फोडण्याची रीत आहे. त्यांना व्यवहार नव्हता, हे कोणीही मान्य करील. पण त्यांना उधळेपणा शिकविला कोणी? तेच पद पुन्हा पुन्हा मागून घेऊन प्रयोग पहाटेपर्यंत लांबविणारे हात कोणाचे होते? 'आज कोणते नाटक आहे?' असे न विचारता 'आज नारायणराव आहेत ना?' असे विचारून तिकीट काढणारे लोक कोण होते? ज्या खेळाचा सारा डोलारा एका कंठावर उभा आहे, त्या खेळाला पडसे झाले तरी संकट येते. हा डोलारा त्या कंठाने एकट्याने रचलेला नव्हता. आपल्या आवडीने आपण तो रचविला होता.

याउलट एक उदाहरण पाहा. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले, तेव्हा बालगंधर्वांसमोर धैर्यधर होऊन उभे राहिले ते 'ललितकलादर्श'चे केशवराव भोसले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, केशवराव वारले. त्यांची संस्था त्यांच्याबरोबरच संपावयाची; परंतु बापूराव पेंढारकरांनी ती सावरली, वरेरकरांची नवी सामाजिक नाटके रंगभूमीवर आणली, आणि संस्था जगली. आधार एकाएकी गेल्यामुळे तिला स्वतःच्या पायांवर उभे राहावे लागले. ज्या मंडळीचा तारा मावळला नाही, तिला मात्र ती संधी मिळाली नाही. बोलपट आल्यावर गंधर्व मंडळीला ओहोटी लागली. १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा'त नारायणराव पुरुषवेषात, एकनाथ महाराजांच्या भूमिकेत दिसले. पुढे ते पुन्हा रंगभूमीकडे वळले आणि पन्नाशी उलटल्यावरही तरुण नायिका रंगवीत राहिले. आपण त्यांच्यावर इतके प्रेम केले की, त्यांना म्हातारे होण्याचीही मोकळीक ठेवली नाही.

कोणी म्हणेल, 'आम्ही तिकिटाचे पैसे मोजले. व्यवहार तेथेच संपला.' तसे असेल तर व्यवहाराचीच भाषा बोलावी, प्रेमाची बोलू नये. मनुष्याला केवळ साधन समजू नये, असे कांट बजावतो. ज्याचा कंठ आपल्याला हवा आहे, पण ज्याचे घर, ज्याचे वय, ज्याचे दुःख यांपैकी काहीच आपल्याला नको आहे, त्याला आपण साधनच समजतो. मग त्याला हार कितीही घालोत.

याचा अर्थ नारायणरावांनी त्या रात्री चूक केली, असा नव्हे. स्वेच्छेने केलेला त्याग थोरच असतो. परंतु एकाने स्वेच्छेने केलेला त्याग दुसऱ्याने नियम म्हणून मागितला की तो त्याग राहत नाही, ती वसुली होते. आदर्श ज्याचा त्याने स्वतःसाठी ठेवावा. दुसऱ्याच्या गळ्यात बांधू नये.

आपल्याकडे नट प्रेक्षकांना 'मायबाप' म्हणत आला आहे. हा शब्द ऐकून आपण सुखावतो. त्याचा भार मात्र आपल्याला जाणवत नाही. लेकरू घशाला कोरड पडेपर्यंत गात असता खरे मायबाप काय म्हणतील, याचा विचार पुढच्या वेळी 'वन्स मोअर' म्हणण्यापूर्वी आपण क्षणभर करावा, एवढेच माझे मागणे आहे.