वरची ओळ वाचलीस का?

तीन आठवडे झाले. सुपरटक्सकार्ट हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम स्वतः कंपाइल करून चालवून दाखव, एवढंच सांगितलं होतं. आणि तू काय आणलंस? स्क्रीनचा फोटो. तोही शेवटच्या ओळीचा! शेवटची ओळ फक्त फसलं एवढंच सांगते. का फसलं ते वर असतं. वर गेलास का?

मी गेलो. बिल्ड मांडणाऱ्या सीमेकने सरळ लिहिलंय: डेटाचं फोल्डर सापडलं नाही, एसटीके-असेट्स सोर्सच्या शेजारी ठेव. ते आणायची कमांडही तिथेच दिलीय. काखेत कळसा आणि तू गावभर विचारत फिरतोस! कोड गिटवरून आणलास. गाड्या, रस्ते, आवाज सबव्हर्जनवर वेगळे ठेवलेत. इन्स्टॉलच्या फाइलमध्ये आहे हे. उघडलीस कधी?

मग सबबी. विंडोजवर अडलास, तर म्हणे उबुंटूवर झालं असतं. उबुंटूवर अडलास, तर म्हणे लायब्ररी आहे तरी सापडत नाही. अरे, चालवायची लायब्ररी वेगळी, कंपाइल करायला हेडर लागतात, त्यांचं 'डेव्ह' पॅकेज वेगळं. वर्गात दोनदा सांगितलंय. मग मित्राचा मॅक. तिथे एक्सकोडची कमांड लाइन टूल्सच टाकली नाहीस. नाचता येईना अंगण वाकडं. तू तर तीन अंगणं वाकडी ठरवलीस. सीमेकची फाइल तिन्हीकडे तीच होती. न वाचणारा माणूसही तोच होता.

"तयार मिळतो, मग कंपाइल कशाला करायचा?" हे विचारलंस कुठे, तर बडोद्याच्या कलाभवनाच्या आवारात! सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये हे काढलं ते हाताने काम शिकायला. दादासाहेब फाळके इथे शिकले. आणि जीपीएल परवान्याखाली गेमचा कोड उघडा ठेवलाय तो तुला बदलता यावा म्हणून. जो कंपाइल करता येत नाही, तो बदलणार कसा?

तुला जमत नाही म्हणून मी चिडत नाही. दुसऱ्या सेमिस्टरला पॉइंटरची चूक तू कागदावर शोधली होतीस, सगळ्या वर्गात एकट्याने. ते डोळे कुठे ठेवलेस? सेव-उसळीच्या गाडीवर रात्री बारापर्यंत वेळ आहे, आणि पाच ओळी वाचायला नाही?

बस इथे. आधी जुनं बिल्डचं फोल्डर उडव. सीमेक मागचं सगळं कॅशमध्ये धरून बसतं. असेट्स शेजारी आण. पुन्हा चालव. अडलं तर वर जा, पहिली एरर शोध आणि मोठ्याने वाच. मी ऐकतोय.