साडेपाच क्विंटल

साताऱ्याच्या मार्केट यार्डात पोती वाहणाऱ्या आण्णांच्या घरात कुठलीही वस्तू मापाची येत नसे. गौरीचा शाळेचा ड्रेस चार बोटं लांब, चपला एक नंबरानं मोठ्या, सायकल तर सीटवर बसलं की पाय टेकू नयेत एवढी. वाढत्या अंगाचं घ्यायचं, म्हणजे दोन वर्षं बघायला नको. हे शहाणपण ओढगस्तीनं शिकवलेलं असतं आणि बहुतेक वेळा ते खरंही ठरतं. म्हणूनच ते फसतं तेव्हा लवकर ध्यानात येत नाही.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये साताऱ्याची आदिती स्वामी वयाच्या १७ व्या वर्षी बर्लिनमध्ये तिरंदाजीची जगज्जेती झाली. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेनं पुरुषांचं सुवर्ण घेतलं. त्यानंतर गावातल्या पोरांनी धनुष्याचा हट्ट धरला नसता तरच नवल. पाचवीतली गौरीही उसाच्या शेतालगतच्या एका मैदानावर जाऊ लागली.

तिथले सर नव्या पोराला लगेच धनुष्य विकत घेऊ देत नसत. आधी नुसतं रबर ओढायचं, हनुवटीखाली आणून धरायचं. मग मैदानावरची सामाईक धनुष्यं. दोन्ही पंजांची खिडकी करून तिच्यातून लांबचा खांब बघायला लावत आणि कुठला डोळा पुढारी आहे ते ठरवत. उजवा असेल तर धनुष्य डाव्या हातात. एका गोष्टीवर मात्र ओरडत: बाण न लावता ताणलेली दोरी सोडायची नाही. बाणात जायची ताकद मग धनुष्यातच जिरते आणि पातं तडकतं.

तीन महिन्यांनी आण्णा धनुष्य शोधायला निघाले. आदितीच्या हातात टीव्हीवर दिसलेलं, टोकांना चाकं असलेलं कंपाउंड त्यांनी आधी विचारलं आणि लाखाचा आकडा ऐकून गप्प बसले. ‘इंडियन राउंड’ला चालणारं बांबूचं धनुष्य स्वस्त होतं, पण ते त्यांना जत्रेतलं वाटलं. शेवटी पुण्याच्या एका कॉलेजच्या पोरानं खेळ सोडला होता, त्याचं मिळालं. ६८ इंच लांब, २८ पाउंडांचं, सहा बाणांसकट ६ हजारांत. पोरगा खोटं बोलला नाही. म्हणाला, ‘काका, हे २८ पाउंड २८ इंच ओढल्यावरचे. तिचा हात लहान, ती २४ इंचच ओढणार. तेवढ्याला वजन बरंच कमी भरतं. हात वाढेल तसं धनुष्यही वाढेल.’ आण्णांना हे फार पटलं. आपसूक वाढणारी वस्तू त्यांना आजवर कुणी विकली नव्हती.

पहिल्या दिवशी गौरीनं ते ओढलंही. नवी वस्तू पोरं कशीही ओढतात. पण दहा-बारा बाणांनंतर तिचा खांदा कानाला लागायचा, कंबरेतून ती मागं कलायची आणि दोरी हनुवटीपर्यंत येण्याआधीच सुटायची. सामाईक धनुष्यानं एका जागी पडणारे बाण आता निशाणभर विखुरले, दोन-तीन तर थेट उसात. आण्णा म्हणाले, ‘सवय होईल.’ पुढं शनिवार आला की गौरीच्या पोटात दुखायला लागलं. आई तिला ओवा देई. आण्णांचा समज झाला की पोरगी कंटाळली, आणि ६ हजार गेले.

सरांनी त्यांना बोलावून घेतलं, पण उपदेश केला नाही. म्हणाले, ‘यार्डातला हुकाचा काटा घेऊन या एकदा.’

काटा आला. गौरीनं जिथवर दोरी ओढली तिथं बाणावर सरांनी खूण केली. मग धनुष्य आडवं धरून हूक दोरीत अडकवला आणि खुणेपर्यंत आण्णांनाच ओढायला लावलं. काटा नऊ किलोच्या जरा वर थांबला.

‘एवढंच?’ आण्णा म्हणाले.

‘एवढंच. पण दिवसाला साठ बाण मारते ती.’

आण्णांची शाळा चौथीत सुटलेली, पण वजनाचा हिशोब त्यांना कागदावर करावा लागत नाही. ‘साडेपाच क्विंटल,’ ते म्हणाले. मग जरा थांबून, ‘रोज?’

सर बाण गोळा करायला निघून गेले. माणसाला कधी एकटं सोडावं हे त्यांना कळत असावं.

आण्णा यार्डात लागले तेव्हा पोतं १०० किलोचं असायचं. माथाडी कायदा १९६९ चा, पण कायद्यानं पाठीवरचं पोतं एका दिवसात हलकं होत नाही. ते ५० किलोवर यावं म्हणून हमालांच्या संघटना वर्षानुवर्षं भांडल्या. पोतं निम्मं झालं म्हणून मालही निम्मा झाला नाही. खेपा वाढल्या आणि कंबरा टिकल्या. आण्णांची स्वतःची मात्र त्याआधीच गेली होती, ती अजून थंडीत धरते. पहिल्या दिवशी त्यांचे पाय लटपटले तेव्हा मुकादम दारात विडी ओढत उभा होता. तो काय म्हणाला होता ते त्यांना आठवलं. दोनच शब्द होते, आणि या महिन्यात तेच दोन शब्द त्यांनी गौरीला कितीतरी वेळा ऐकवले होते.

पुढचं सगळं पटकन झालं. ते लांब धनुष्य मैदानावरच्याच अकरावीतल्या एका उंच पोराला अगदी मापाचं निघालं. त्यानं ५ हजारांत घेतलं. गौरीसाठी सरांनी ५४ इंचांचं लाकडी धनुष्य सुचवलं. मधली मूठ वेगळी आणि वर-खाली स्क्रूनं बसणारी दोन पाती. मूठ तीच ठेवायची, ताकद वाढेल तशी पाती तेवढी बदलायची. आत्ता १४ पाउंडांची. किंमत ७ हजार, बोटांचा टॅब आणि हातावरचं गार्ड वेगळं. आण्णांनी आधी काटा लावला. ‘पावणेतीन क्विंटल. चालंल.’

बाण घेताना मात्र त्यांनी मापात घासाघीस सुरू केली. सर हसले. ‘वाढत्या अंगाचं घ्यायची हौस असेल ना आण्णा, तर ती इथं भागवा. बाण ओढीपेक्षा दोन इंच लांबच हवा. आखूड पडला तर टेकूवरून मागं घसरतो आणि सुटताना हातात घुसतो.’ आण्णांनी लांब बाण घेतले आणि घरी जाऊन ही गोष्ट दोनदा सांगितली.

सहा महिन्यांनी गौरीचा साठावा बाणही पहिल्याच्या शेजारी पडू लागला. खांदा खाली, मान सरळ. सर म्हणाले, ‘आता १८ पाउंडांची पाती लावू.’

आता आण्णा अडून बसले. ‘कशाला सर? चांगलं चाललंय की.’

‘म्हणजे पोरीला जन्मभर रिकामंच पोतं वाहायला लावणार?’

आण्णांनी पिशवीतून काटा काढला; तो हल्ली पिशवीतच असे. वजन केलं, ओठ हलवले. ‘साडेतीन क्विंटल होतंय. मग बाण चाळीसच.’

‘पन्नास,’ सर म्हणाले.

‘पंचेचाळीस.’

‘सत्तर,’ गौरी म्हणाली. तिला कुणी विचारलंच नव्हतं.