रबराचं वय

पंधरा वर्षं वापरलेली गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहिली, की लोखंड बहुतेक ठिकाणी शाबूत दिसतं. वेळेवर ऑइल मिळालेलं इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल हे सगळं अजून बरीच वर्षं काढू शकतं. थकलेलं असतं ते लोखंडाच्या दोन तुकड्यांमध्ये बसवलेलं रबर. गाडी जुनी झाली असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा हे रबर जुनं झालेलं असतं, आणि ते बदलता येतं. एवढी साधी गोष्ट लक्षात न आल्यामुळे कितीतरी चांगल्या गाड्या कवडीमोलानं विकल्या जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

लोअर आर्मचा बुश घ्या. मुठीत मावेल एवढा. बाहेर लोखंडी कडं, आत लोखंडी नळी आणि दोन्हींच्या मध्ये रबर. पुढचं चाक ज्या आर्मच्या आधारानं वर-खाली होतं, तो आर्म या बुशावर फिरतो. नवा बुश काळाभोर असतो, अंगठ्यानं जोर लावून दाबला तर जेमतेम दबतो. जुना बुश प्रेसवर दाबून बाहेर काढला की त्याचं रबर करडं पडलेलं दिसतं, कडेला चिरा गेलेल्या असतात, आतली नळी मध्य सोडून एका बाजूला कललेली असते आणि बोटानं ढकलली तरी हलते. ही हालचाल चार-पाच मिलिमीटरची असेल, पण ब्रेक मारला की तेवढ्यानं चाक जागा सोडतं, गाडी एका बाजूला ओढते, टायर आतल्या कडेनं झिजतो. मालक बिचारा दर काही महिन्यांनी अलाइनमेंट करून घेतो. अलाइनमेंटचं यंत्र आकडे जुळवून देतं आणि पहिल्याच मोठ्या खड्ड्यात ते पुन्हा बिघडतात.

चार्ल्स गुडइयरनं 1839 मध्ये गंधक घालून तापवलेलं रबर टिकाऊ होतं हे शोधून काढलं. पुढचा सगळा वाहनउद्योग त्या रबरावर चालत आला. पण टिकाऊ म्हणजे अमर नव्हे. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन, बॉनेटखालची उष्णता, गळणारं ऑइल यांनी रबर हळूहळू कडक होतं, भेगाळतं. हे काम गाडी उभी असतानाही चालूच राहतं. म्हणून ‘एकहाती वापर, फक्त चाळीस हजार चाललेली’ अशी जाहिरात वाचून हरखून जाण्यात अर्थ नाही. किलोमीटर मोजायला मीटर आहे, वर्षं मोजायला गाडीत काही नाही. टायरवर मात्र तशी सोय आहे. कडेला डॉट या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात. 2319 असेल तर टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. भरपूर नक्षी शिल्लक असलेला टायरसुद्धा आठ-दहा वर्षांचा असू शकतो आणि त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

ब्रेक ऑइलचंही तसंच. ते हवेतलं बाष्प शोषून घेतं. डॉट 4 प्रतीच्या नव्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी मुरलं की हीच अपेक्षा 155 अंशांवर येते. सपाट रस्त्यावर या फरकाचा पत्ताही लागत नाही. ताम्हिणी किंवा आंबोलीचा घाट ब्रेक दाबत दाबत उतरताना मात्र चाकाजवळचं ऑइल उकळू शकतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि पाय पेडलवर असूनही पेडल खाली जात राहतं. दोन वर्षांनी हे ऑइल बदलायचा खर्च एका पेट्रोल भरण्यापेक्षा जास्त नसतो.

इतकं असूनही माणसं वेळेवर का बदलत नाहीत? कंजूषपणा हे कारण मला पुरेसं वाटत नाही. एर्न्स्ट वेबर या जर्मन शरीरशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात माणसांच्या हातात वजनं देऊन प्रयोग केले. हातात आधीच जड वजन असेल तर त्यात थोडी भर घातलेली कळत नाही. कळण्यासाठी वाढही त्या मानानं मोठी असावी लागते. गाडीची झीज अशा न कळणाऱ्या भरीनं येते. इंजिनचं माउंटिंग बसत जातं, सिग्नलला स्टिअरिंग थरथरतं, एसी लावला की जास्तच. आपण एसीचा पंखा एक नंबर कमी करतो. शॉकॲब्सॉर्बरमधलं ऑइल गळून जातं, स्पीडब्रेकरनंतर गाडी दोनदा डोलते. आपण स्पीडब्रेकर आणखी हळू ओलांडतो. क्लच वरच्या टोकाला पकडायला लागतो आणि पायाला ती जागा पाठ होते. गाडी जेवढी ढिली होते तेवढे आपण सावध होतो. घरातल्या दुसऱ्या कुणी चालवायला घेतली की ‘हिला काय झालंय?’ असं विचारतात, तेव्हा आपल्याला थोडा रागही येतो. स्वतःच्या गाडीची परीक्षा स्वतः घेता येत नाही असं माझं मत आहे. वर्षातून एकदा चांगल्या मिस्त्रीला शेजारी न बसवता एकट्यानं ती चालवू द्यावी आणि तो परत आल्यावर काय सांगतो ते ऐकावं.

चांगला मिस्त्री सगळं बदलून टाका असं सांगत नाही. तो चाक दोन्ही हातांनी धरून हलवतो, पहार घालून आर्म उचकून पाहतो, बॉल जॉइंट, लिंक रॉड, टाय रॉड एंड यांतला आवाज नेमका कुणाचा ते ठरवतो. मग दोन हजारांच्या कामात काम भागतं. अंदाजानं एकेक पार्ट बदलत गेलं तर वीस हजार जातात आणि आवाज तिथंच राहतो. ही पारख आता दुर्मिळ होत चालली आहे, कारण पार्ट विकण्याची पद्धतच बदलली. पूर्वी नुसता बुश मिळायचा आणि प्रेसवर बसवला जायचा. आता बऱ्याच गाड्यांना कंपनीकडून अख्खा आर्म घ्यावा लागतो. पुण्यात नाना पेठेतल्या दुकानांत अजून सुटा बुश मागितला तर काढून देतात. तिथं ओरिजिनल, लोकल आणि डुप्लिकेट यांतला फरक ओळखणं मात्र गिऱ्हाइकाच्या माथी येतं.

सुटे भाग मिळणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे, कंपनीची मेहरबानी नव्हे. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट 2014 मध्ये सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात येऊ न दिल्याबद्दल 14 मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. पुढे त्यावर अपिलं झाली, पण तत्त्व बरोबर होतं. केंद्र सरकारनं डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टलही सुरू केलं. भाग मिळेनासे झाले की गाडीचं काय होतं हे मुंबईनं पाहिलं आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी म्हणून दशकानुदशकं धावली, ती रस्त्याकडेला बसूनही दुरुस्त होत होती म्हणून. उत्पादन थांबल्यावर पार्ट मिळणं अवघड होत गेलं, तशा त्या कमी होत गेल्या. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली होती. टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा असल्यानं ऑक्टोबर 2023 संपता संपता तिचीही मुदत भरली.

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. एप्रिल 2022 पासून त्याची फी 600 वरून 5,000 रुपये झाली. तपासणीला माझा अजिबात विरोध नाही. ती अधिक कसून व्हावी. विरोध आहे तो फक्त तारखेवरून गाडी बाद करण्याला. आठ वर्षांची पण सर्व्हिसिंगचं तोंड न पाहिलेली गाडी तारखेच्या हिशेबात तरुण ठरते.

जुन्या गाडीला मर्यादा आहेच, आणि ती पत्र्यात आहे. आजच्या बहुतेक मोटारींना वेगळी चासी नसते, बॉडी हाच सांगाडा असतो. कोकणात किंवा मुंबईच्या खाऱ्या हवेत दाराखालची पट्टी आणि फ्लोअर गंजून आतून पोकळ झाले असतील, स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर आरपार जात असेल, तर अशा गाडीत नवे शॉकॲब्सॉर्बर घालू नयेत. वरून पत्रा वेल्ड करून रंग मारलेली गाडी दिसायला बरी दिसते, पण धडक बसली तर तो पत्रा भार घेत नाही. शिवाय कितीही पार्ट बदलले तरी गाडी आपल्या काळातलीच राहते. चालकासमोरची एअरबॅग आपल्याकडे 2019 मध्ये सक्तीची झाली. त्याआधीच्या कितीतरी छोट्या गाड्यांत ती नाही आणि नंतर बसवताही येत नाही. मुलाबाळांना घेऊन रोज हायवेनं ये-जा करणाऱ्यानं हा हिशेब सगळ्यात आधी करावा, आणि पत्रा शाबूत असेल तर जुनी गाडी नवे बुश घालून गावातल्या कामाला ठेवावी.